डिलन मोठा की वामनदादा : एका वादाची झाडाझडती

वाद आपल्याच पोरांतला आहे, म्हणून तो चव्हाट्यावर आणतो. १९६०-७० च्या काळात अमेरिका-इंग्लंडात एक बंडखोर पिढी उभी राहिली. बापाची नोकरी, सरकारचं युद्ध आणि चर्चची शिस्त हे तिन्ही तिनं नाकारलं. त्या पिढीच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत सगळ्यात प्रभावी कोण? आमच्या ताडकळसात, विहाराच्या पायरीवर, यावर पोरं तावातावानं भांडतात. एक म्हणतो बॉब डिलन, कारण २०१६ ला त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. दुसरा म्हणतो जॉन लेनन, कारण शांततेचं गाणं त्यानं जगाला दिलं. तिसरा म्हणतो जिमी हेंड्रिक्स, कारण तो काळा होता आणि त्याच्यासारखी गिटार कुणी वाजवली नाही. चौथा सगळ्यांना उडवून लावतो, "हे गोरे-काळे आपल्याला काय करायचेत बे? आपला वामनदादा सगळ्यांचा बाप."

मला चौघांशीही भांडायचं आहे. चौथ्याशी जरा जास्तच. कारण तो वामनदादाचं नाव घेतो आणि दादाचं एक अख्खं गाणं त्याला पाठ नाही.

आधी मोठ्या माणसांचा आक्षेप निकाली काढतो. ते म्हणतात, पूर्णा तालुक्यातलं हे बाजारचं गाव. कापसा-सोयाबीनला भाव नाही, मजुराला काम नाही, आणि पोरं गिटारीवर काय भांडतात? भांडू द्या. ब्लॅक पँथर पक्ष ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडला निघाला. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली. आपण त्यांचं नाव घेतलं, त्यांच्या जाहीरनाम्याची धार घेतली. गाणं मात्र घेतलं नाही, कारण घ्यायची गरजच पडली नाही. गरज का पडली नाही हे ज्याला कळलं, त्याचा हा वाद अर्धा सुटला. म्हणून तिकडचं गाणंही नीट ऐकलं पाहिजे आणि आपल्या मापानं मोजलं पाहिजे.

०००

माप कोणतं? 'प्रभावी' हा शब्द फार लबाड आहे. बाजारात प्रभाव म्हणजे खप. विद्यापीठात प्रभाव म्हणजे किती जणांनी नक्कल केली आणि किती जणांनी प्रबंध लिहिले. चळवळीत प्रभाव म्हणजे एकच गोष्ट : गाणं संपल्यावर माणूस कुठं जातो? दुकानात जातो, झोपायला जातो, की मोर्च्यात जातो? आणि या प्रश्नाच्या पाठीला पाठ लावून दुसरा प्रश्न येतो : त्या गाण्याचा धनी कोण, आणि पन्नास वर्षांनी कुणाचं नाव उरतं? हे दोन प्रश्न खिशात ठेवा आणि मग यादी काढा.

यादी तयारच आहे. अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' या मासिकानं एप्रिल २००४ मध्ये सर्वकाळच्या मोठ्या कलावंतांची यादी छापली. पहिला नंबर बीटल्स. दुसरा डिलन. तिसरा एल्व्हिस प्रेस्ली. चौथा रोलिंग स्टोन्स. हे चारही गोरे. पाचवा चक बेरी, सहावा हेंड्रिक्स, सातवा जेम्स ब्राऊन, आठवा लिटल रिचर्ड, नववी अरेथा फ्रँकलिन, दहावा रे चार्ल्स. हे सहाही काळे. चार वर, सहा खाली. आता गंमत बघा. वरच्या चौघांनी ज्यांच्याकडून वाजवणं शिकलं, ते याच सहांत आहेत, नाहीतर त्यांच्याही खाली. शिष्य ओट्यावर आणि गुरू अंगणात, हे चित्र आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

काही दाखले देतो, म्हणजे मी हवेत बोलतोय असं होणार नाही. रोलिंग स्टोन्स या बँडचं नावच मडी वॉटर्स या काळ्या गायकाच्या १९५० च्या गाण्यावरून घेतलेलं. 'हाउंड डॉग' हे गाणं बिग मामा थॉर्नटन या काळ्या बाईनं १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. १९५६ ला एल्व्हिसनं ते गायलं आणि जगाला ते त्याचंच वाटलं. लेड झेपलिन या इंग्रज बँडचं १९६९ चं एक प्रचंड खपलेलं गाणं विली डिक्सनच्या शब्दांवर उभं होतं. म्हाताऱ्या डिक्सनला १९८५ मध्ये कोर्टात जावं लागलं, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि मग कुठं त्याचं नाव लागलं. बेसी स्मिथ, जिला ब्लूजची सम्राज्ञी म्हणत, १९३७ ला मेली. तिच्या कबरीवर १९७० पर्यंत साधा नावाचा दगडही नव्हता.

तो दगड बसवला कुणी? जॅनिस जॉप्लिन या गोऱ्या गायिकेनं अर्धे पैसे दिले, आणि अर्धे ज्वानिटा ग्रीन या काळ्या बाईनं, जी लहानपणी बेसीच्या घरी कामाला जायची. हे सांगितलं पाहिजे. गोरा दिसला की चोर म्हणायचं, ही टीका होत नाही. १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनविलला काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणार असाल तर आम्ही वाजवणार नाही, असं बीटल्सनी ठणकावलं होतं. चांगलं केलं. माझा राग माणसांवर नाही, हिशोबाच्या वहीवर आहे. ती वही लिहिणारा हात एकाच बाजूचं नाव ठळक लिहितो आणि दुसऱ्याचं पुसट.

आणि 'प्रेम आणि शांतता' म्हणणाऱ्या त्या पिढीचा शेवटही नीट वाचा. ऑगस्ट १९६९ ला वुडस्टॉकचा मोठा मेळा झाला, त्याचे गोडवे सगळे गातात. त्याच वर्षी ६ डिसेंबरला कॅलिफोर्नियात अल्टामाँटला दुसरा मेळा भरला. रोलिंग स्टोन्स गात होते. बंदोबस्ताला मोटारसायकलवाली टोळी ठेवलेली. त्या टोळीतल्या एकानं मंचासमोर मेरेडिथ हंटर नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला भोसकून मारलं. हंटर काळा होता. लाखोंच्या गर्दीत सुरा नेमका कुणाच्या अंगात जातो, हे आपल्या लोकांना ठाऊक आहे.

०००

आता एकेक उमेदवार घेऊ.

डिलन. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंगचं ते प्रसिद्ध भाषण झालं, त्याच मंचावर बावीस वर्षांचा डिलन गायला. गाणं होतं मेडगर एव्हर्सच्या खुनावर. काळ्यांच्या मताधिकारासाठी राबणारा हा कार्यकर्ता जूनमध्येच मिसिसिपीत आपल्या घराच्या दारात गोळी घालून मारला गेला होता. डिलनचा मुद्दा असा, की मारणारा गरीब गोरा हा दुसऱ्याच्या डावातलं प्यादं आहे. पुढारी आणि शेरीफ त्याला वापरून घेतात. मुद्दा खरा आहे. १९७८ ला मराठवाड्यात ज्यांनी आपली घरं पेटवली, तेही काही साखर कारखान्याचे मालक नव्हते. पण प्यादं म्हटलं म्हणून प्याद्याच्या हातातली काठी माफ होत नाही. त्या गाण्यात मारणाऱ्याची मीमांसा कडव्यामागून कडवं चालते आणि मेलेला एव्हर्स सुरुवातीला नि शेवटी येऊन जातो. बुद्धिमान गाणं आहे. एव्हर्सच्या अंगणात बसून मात्र ते लिहिलेलं नाही. पुढं १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या मेळ्यात डिलननं विजेची गिटार घेतली आणि चळवळीची गाणी मागं टाकली. तो त्याचा हक्क. कलावंत कुणाचा वेठबिगार नाही. पण चळवळीतून उठून जाण्याची सोय त्याला होती, हेही लिहून ठेवा. एव्हर्सच्या बायकोला ती नव्हती.

लेनन. १९७१ चं 'इमॅजिन' सगळ्यांना माहीत आहे. मालमत्ता नसलेल्या जगाची कल्पना करा, असं ते सांगतं. आणि ते ध्वनिमुद्रित झालं ते लेननच्या स्वतःच्या प्रशस्त हवेलीतल्या स्टुडिओत. मी ढोंग म्हणणार नाही. स्वप्न खरं असेल. पण ज्याच्याजवळ आहे त्यानं 'नसतं तर' अशी कल्पना करणं, आणि ज्याच्याजवळ कधी नव्हतंच त्यानं आपला वाटा मागणं, या दोन वेगळ्या कविता आहेत. दुसरी कुठं सापडते ते पुढं सांगतो.

हेंड्रिक्स. आमच्या तिसऱ्या पोराचा लाडका, आणि खरं सांगायचं तर माझाही. अमेरिकेच्या छत्रीधारी पलटणीत राहून आलेला हा काळा पोरगा. वुडस्टॉकच्या शेवटच्या सकाळी त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारीवर घेतलं आणि असं पिळलं की त्यातून बॉम्ब पडल्याचे, विमान घसरल्याचे, माणूस किंचाळल्याचे आवाज निघाले. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. त्यानं शब्द एक उच्चारला नाही. चाल सरकारची आणि अर्थ आपला : हे हत्यार लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे. पण त्यानंतर तीनच आठवड्यांनी, सप्टेंबर १९६९ ला, तो न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, म्हणजे काळ्यांच्या वस्तीत, रस्त्यावर वाजवायला गेला. तिथं गर्दी पातळ होत गेली, मंचावर अंडी येऊन पडली. काळ्यांची रेडिओ केंद्रं त्याला फारसं वाजवत नसत. जगाचा राजा आणि आपल्या वाड्यात परका! यात त्याचा दोष किती, वाड्याचा किती आणि त्याला गोऱ्या गिऱ्हाइकांपुढं उभं करणाऱ्या धंद्याचा किती, हे मोजायला तो जगला नाही. १८ सप्टेंबर १९७० ला सत्ताविसाव्या वर्षी गेला.

या तिघांच्या भांडणात आमची पोरं ज्याला विसरतात तो जेम्स ब्राऊन. ऑगस्ट १९६८ मध्ये, किंगच्या खुनाला चार महिने होत असताना, त्यानं काळेपणाचा अभिमान मोठ्यानं सांगा असं गाणं काढलं. तो एक ओळ टाकतो आणि लहान पोरांचा घोळका उत्तर देतो. आपल्याकडं शाहीर म्हणतो आणि झीलकरी झील धरतात, अगदी तसंच. त्या गाण्यानंतर 'निग्रो' हा शब्द मागं पडत गेला आणि 'ब्लॅक' हा शब्द ताठ मानेनं पुढं आला. सगळं श्रेय एका गाण्याचं नाही, पण शब्द लोकांच्या तोंडात बसवायचं काम गाण्यानं केलं. 'दलित' शब्दाशी हे ताडून बघा. हाच जेम्स ब्राऊन १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या पाठीशी उभा राहिला, हेही लपवत नाही. माणूस घसरला म्हणून गाणं खोटं ठरत नाही, आणि गाणं खरं म्हणून माणसाची आरती करायची नाही. आपल्यालाही घसरलेले लोक नवीन नाहीत.

आणि एक नाव, जे कुठल्याच यादीत नसतं : 'द लंपेन'. ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांचा स्वतःचा बँड, १९७० चा. पक्षाची इतर कामं करायची आणि रात्री गायचं. गाजलेल्या चाली घ्यायच्या आणि त्यांत आपले शब्द भरायचे. वर्षभरात तो बँड थांबला. नोबेल नाही, खप नाही. पण आपल्या जलशांचा सख्खा भाऊ शोधायचा तर तो हा.

०००

आता इकडं या. त्याच वर्षांत महाराष्ट्रात काय चाललं होतं?

मुंबईत इंग्रजी शाळांतली पोरं केस वाढवून विजेच्या गिटारी वाजवत होती. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी बँडच्या स्पर्धा भरत; १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांच्या तबकड्याही निघाल्या. वाजवणारे गुणी होते, यात वाद नाही. पण ज्या बंडाची वर्गणी सिगारेट कंपनी भरते, ते बंड कुणाविरुद्ध? त्याच मुंबईत जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीत दंगल झाली. १० जानेवारीला पँथरच्या मोर्च्यावर वरून दगड आला आणि भागवत जाधव गेला. त्या चाळीतही गाणी चालू होती. तिथं गिटार नव्हती. पेटी होती, ढोलकी होती, भाड्यानं आणलेला भोंगा होता.

आपल्याला तिकडचं गाणं उसनं घ्यावं लागलं नाही, ते यामुळं. सत्यशोधकांनी जलसा उभा केला. तमाशातला गण-गौळणीचा भाग उलटवून त्या जागी विचार आणला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. तमाशाच्या फडात ज्यांना नाचवून घेतलं जायचं, त्यांच्याच लेकरांनी फडाचा मंच काबीज केला आणि त्यावरून मेलेली ढोरं ओढू नका, शाळेत जा, पाणवठ्यावर हक्क सांगा, असं सांगितलं. डिलननं गिटार हातात घेण्याच्या कितीतरी वर्षं आधीची ही गोष्ट. 'प्रति-संस्कृती' हा शब्द आपल्या प्राध्यापकांनी नंतर शोधला. ती संस्कृती कंदिलाच्या उजेडात आधीच गात होती.

या परंपरेतून वामनदादा कर्डक येतात. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळा नाही. मुंबईत आले, पडेल ती मजुरी केली, समता सैनिक दलात गेले, अक्षरओळख तिथं मोठेपणी झाली. १९४३ मध्ये पहिलं गाणं केलं, तेही एका हिंदी सिनेमाच्या गाण्याचं विडंबन. पुढं साठ वर्षं हा माणूस पिशवी घेऊन गावोगाव हिंडला. मराठवाड्याच्या कुठल्याही बौद्धवाड्यात जा, दादा आमच्याकडं उतरले होते असं सांगणारं एक घर निघतंच. मराठी चित्रपटांनाही त्यांनी गाणी दिली, पण तिकडं रमले नाहीत. १९७३ ला 'वाटचाल' हा संग्रह निघाला. म्हणजे पँथर मुंबईच्या रस्त्यावर होती तेव्हा दादा पन्नाशीत होते, आणि पँथरच्या पोरांच्या आया त्यांचीच गाणी म्हणत होत्या.

आता चौथ्या पोराला मी विचारतो : दादा मोठे का, हे सांग. नुसतं बाप म्हणू नकोस.

माझं उत्तर असं. एक, चाल. दादा सिनेमाच्या चाली उचलत म्हणून साहित्यातल्या सोवळ्या मंडळींनी नाकं मुरडली. पण चाल आधीच लोकांच्या ओठावर असली की गाणं शिकायला वेळ लागत नाही. पहिल्या रात्री ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी निंदणाऱ्या बाईनं रानात म्हटलं. हेंड्रिक्सनं राष्ट्रगीताचं जे केलं ते दादांनी सिनेमाच्या गाण्याचं केलं. चाल बाजाराची, अर्थ आपला. फरक इतकाच की हेंड्रिक्ससारखं वाजवायला हेंड्रिक्स लागतो. दादांचं गाणं कुणीही गाऊ शकतो. तिथं एकाच्या बोटांत सारी जादू राहिली, इथं ती वाटली गेली.

दोन, युक्तिवाद. दादांची चांगली गाणी नुसती रडत नाहीत, हिशोब मागतात. देशातल्या बड्या भांडवलवाल्यांची नावं घेऊन, धनाचा साठा कुठं आहे आणि त्यात आमचा वाटा कुठं आहे, असं विचारणारं त्यांचं गाणं आहे. लेननच्या गाण्याशेजारी ते ठेवा. लेनन म्हणतो, मालमत्ता नाहीच असं समजा. दादा म्हणतात, समजायचं काय त्यात, आहे ती मोजा आणि वाटा. मी दादांच्या बाजूनं आहे, आणि ते दादा आपले म्हणून नव्हे. भुकेल्या माणसाला कल्पनेपेक्षा मोजमाप जास्त कळतं, म्हणून.

तीन, नाव. दादांच्या कितीतरी गाण्यांत शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. ही शाहिरांची, संतांची जुनी नाममुद्रा. तिचा अर्थ आपण लक्षात घेतला नाही. ज्याच्याकडं वकील नाही, तबकडीची कंपनी नाही, करारनामा नाही, त्यानं आपलं नाव गाण्याच्या पोटातच शिवून टाकलं. विली डिक्सनला नावासाठी म्हातारपणी कोर्टाची पायरी चढावी लागली. दादांनी ती सोय गाण्यातच करून ठेवली होती. आणि आपण काय केलं? कॅसेटवाल्यांनी लांबी कमी करायला शेवटचं कडवं कापलं. वाद्यवृंदवाल्यांनी वेळ नाही म्हणून कापलं. आता मोबाईलवर तीस सेकंदांचा तुकडा फिरतो, त्यात मुखडाच असतो. कडवं गेलं की वामन गेला. गोऱ्यांनी काळ्यांची नावं पुसली म्हणून वर मी ओरडलो. आपल्या दादाचं नाव कोण पुसतंय? आपणच की!

०००

पहिल्या प्रश्नाला, गाणं संपल्यावर माणूस कुठं जातो याला, मराठवाड्याचं उत्तर नामांतराचं आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे मारले गेले. त्या वर्षांत माजलगावकडचा आत्माराम साळवे हा शाहीर आमच्या पट्ट्यात गात होता. गाण्यापायी गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, तडीपारी झाली. डिलनवर गाण्यापायी तडीपारी झाली नाही. साळवे १९९१ ला गेले. विद्यापीठाचं नाव १४ जानेवारी १९९४ ला बदललं, तेही नामविस्तार म्हणून. ज्यानं गाऊन माणसं रस्त्यावर आणली त्यानं ती पाटी पाहिली नाही. आमच्या गावातल्या किती पोरांनी साळवेंचं नाव ऐकलंय? डिलनला नोबेल मिळालं ते साल मात्र पाठ आहे.

विलास घोगरेंचं नावही याच रांगेत. मुलुंडच्या झोपडीत राहणारा हा शाहीर डाव्या चळवळीच्या आव्हान नाट्य मंचात गायचा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. चौथ्या दिवशी घोगरेंनी गळफास घेतला, डोक्याला निळं फडकं बांधून. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' मध्ये ही हकिकत आहे. लाल की निळा यावर आपण सभा-सभांत भांडतो. त्या माणसानं हे भांडण स्वतःच्या देहावर घेतलं. मी त्याच्या मरणाचा गौरव करणार नाही. आपल्याला जिवंत शाहीर हवेत. पण शाहिराला एकटं सोडणाऱ्या दोन्ही रंगांच्या संघटनांनी या मरणापुढं मान खाली घालावी.

आता आपल्याच घरातली घाण. अलीकडची बरीच भीमगीतं ऐकून वीट येतो. बाबासाहेबांच्या कोटाचं, गाडीचं, रुबाबाचं वर्णन. 'भीमराया' म्हणत आळवणी. देव नाकारणाऱ्याला देव्हाऱ्यात बसवणं. प्रल्हाद शिंदेंनी विठ्ठलाची गाणी म्हटली, तो त्यांचा पोटाचा धंदा होता आणि आवाज तर असा की विठ्ठलानंही ऐकावा. तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार ही, की विठ्ठलाच्या गाण्याचा साचा तसाच ठेवून आपण आत नाव तेवढं बदललं. त्यातून प्रश्न विचारणारं गाणं मेलं आणि डोलणारं गाणं उरलं. वर डॉल्बी. जयंतीला वर्गणी काढायची, तिचा मोठा वाटा डॉल्बीवाल्याला द्यायचा आणि छातीत धडधड होईल इतक्या आवाजात मुखडा ऐकायचा. त्या आवाजात झील धरता येत नाही. झील थांबली की लोक गाणारे राहत नाहीत, नुसते ऐकणारे होतात. अमेरिकेतल्या बंडखोर गाण्याला बाजारानं असंच खाल्लं. आपण तर स्वतःच्या वर्गणीतून बाजाराला जेवायला वाढतोय.

आणि बाया. मी वर इतकी नावं घेतली, आपल्याकडचं एकही बाईचं नाही. बेसी स्मिथचा दगड आठवा. जलशात सुरुवातीला बाईची सोंगं बाप्येच घेत. पण गाणं जात्यावर चालूच होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवीन यांनी लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या आहेत, आणि म्हणणारीचं नाव, गाव सोबत लिहिलेलं आहे. ही खरी टीकाकाराची शिस्त. आज कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात आणि मोबाईलवरून घराघरात पोचतात. त्यांच्या मागं डॉल्बी नसते. एक तार आणि एक आवाज, आणि शब्द ऐकू येतात.

०००

तर निकाल. खप मोजाल तर बीटल्स. वाजवण्याचं कसब मोजाल तर हेंड्रिक्स. शब्दांची कारागिरी मोजाल तर डिलन. गाणं संपल्यावर माणूस कुठं गेला हे मोजाल, तर तिकडं जेम्स ब्राऊन आणि 'द लंपेन', इकडं वामनदादा आणि आत्माराम साळवे. डिलन मोठा की वामनदादा, या प्रश्नात 'मोठा' हा शब्दच चुकीचा आहे. डिलनचं गाणं ऐकून माणूस डिलनला मानतो. वामनदादांचं गाणं ऐकून बाई स्वतः गायला लागते, आणि मग लेकराला शाळेत घालते. माझ्या मापात हा प्रभाव जास्त भरतो.

'रोलिंग स्टोन'ची ती यादी निघाली एप्रिल २००४ मध्ये. १५ मे २००४ ला वामनदादा गेले, २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. त्यांची यादी जगभर फिरली. आपल्या गाणाऱ्यांची यादी कुणी केली? कुणी करणारही नाही. ती आपल्यालाच करायची आहे, आणि ती पहिल्या-दुसऱ्या नंबरची नको. गाणं, पूर्ण कडव्यांसह. कुणी रचलं, कुणी गायलं, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, झील कुणी धरली, कोणत्या सालच्या जयंतीला. ताडकळसपासून सुरुवात करू. म्हाताऱ्या माणसांच्या ट्रंकांत वह्या आहेत, त्यांना वाळवी लागायच्या आत उतरवून घ्या. वर्गणीतली निम्मी रक्कम गायन पार्टीला द्या. गाणाऱ्याला मानधन द्या, नुसता हार नको. आणि शेवटचं कडवं कापणाऱ्याला मंचावरच थांबवा.

१० डिसेंबर २०२४ ला आपल्या परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या अटकांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला कोठडीत मेला. यावर गाणी बांधली जातील, कुणी नाव नसलेला पोरगा किंवा पोरगी बांधेल. ते गाणं कुठल्या यादीत येईल याची काळजी नको. ते गायल्यावर माणसं कुठं गेली ते बघा, आणि बांधणाऱ्याचं नाव गाण्यात ठेवा.

जयभीम.